पट्ट्याला चौथं भोक

दिवाळीत एक पाडलं, संक्रांतीला दुसरं,
तिसरं कधी पाडलं आठवत नाही.
परवा चौथं पाडत होतो ड्रिलवर, पाच एमएमच्या बिटनं,
तेव्हा अश्पाक म्हणाला,
"दौलूमामा, पट्टा ढिला होत न्हाई. तुम्ही व्हायलाय."
मी हसलो.
उद्यमनगरात हसण्यावारी नेलेली गोष्ट
चहाच्या ग्लासाबरोबर विसळून जाते.

तीस वर्षं लेथवर उभा आहे.
बेअरिंग जायच्या आठ दिवस आधी
मला कानात कळतं.
मालक म्हणतो, एवढा लॉट होऊ दे.
मी म्हणतो, लॉट गेला खड्ड्यात,
बंद करा, आत्ता उघडा.

आणि माझं पोट पाच महिने खरखरत होतं.

म्हटलं, तांबडा जास्त झाला असेल.
तांबडा सोडला. मिसळ सोडली.
मग पांढराही सोडला, जो आजाऱ्यालासुद्धा देतात.
मग म्हटलं पित्त, मग म्हटलं वय,
मग म्हटलं भावकीतल्या लग्नांचं जेवण.
कारणांचा माझ्याकडं डबाच होता, नटबोल्टांचा असतो तसा,
हात घातला की बसणारं काहीतरी निघायचंच.

कंबरेसाठी लाल गोळ्या खात होतो,
मेडिकलवाल्याच्या हातच्या, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही,
पहाटे उपाशीपोटी,
पहिल्या पाळीला ताठ उभं राहता यावं म्हणून.
त्या डब्यात नव्हत्या.

रंगाचं सांगायचं राहिलं.
ते सांगायचं तरी कुणाला?
जेवताना नाही, कामावर नाही,
हौसाला तर नाहीच, ती आधीच माझं ताट बघून
आपलं ताट अर्धं ठेवत होती.
दार लावून एकट्यानं बघितलं.
काळं. नव्या रस्त्यावर ओततात तसं, चिकट,
आणि वास कधी न आलेला.
दोन बादल्या पाणी ओतलं.
म्हटलं, पालक खाल्ला असेल.
घरात महिनाभर पालक आला नव्हता.

मग मंगळवारी,
माळ्यावर रॉड आणायला अकरा पायऱ्या चढायच्या,
सहाव्या पायरीवर बसलो.
बसलो म्हणजे पायरीच वर आली.
अश्पाक हसला नाही.
काही विचारलंही नाही त्यानं.
जाऊन मेन स्विच पाडला,
सगळं शेड एकदम गप्प,
आणि म्हणाला, "बंद. आत्ता उघडायचं."

डॉक्टर शिकलगार म्हणजे पोरगीच, माझ्या थोरलीएवढी.
खालची पापणी ओढून बघितली,
मग सरळ विचारलं, शौचाचा रंग?
मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो.
"काका, रंग."
डांबर, म्हणालो.
"कधीपासून?"
चार-पाच दिवस.
तिनं माझा पट्टा बघितला. भोकं मोजली असणार.
मग गोळ्यांचं सगळं काढून घेतलं माझ्याकडून,
धार लावणाऱ्यांच्या घराण्यातली, सोडते कशाला.
"आत कुठंतरी रक्त जातंय," म्हणाली,
"ह्याला उद्या नसतो. आत्ताच्या आत्ता सीपीआर."

आता कॉटवर आहे.
कुणाचं तरी रक्त थेंबथेंब माझ्यात येतंय,
ज्यानं दिलं त्याला माझं नाव माहीत नाही.
कूलंट सोडताना मोजावेत तसे थेंब मोजतो.
सकाळी तोंडातून कॅमेरा घालणार.
व्रण असेल, म्हणाल्या,
दुसरं काही असेल तर तेही दिसेल.
हौसाला हे सगळं मीच सांगितलं, रंगासकट.
ती रागावली नाही.
तिनं पदराची शिवण उसवून परत दाबली, एवढंच.

संध्याकाळी मेहुणा आला, पिराजी,
डझनभर केळी घेऊन, जी मला बंद आहेत.
पाऊसपाणी झालं, गुळाचा भाव झाला.
मग बायकोला चहाला पाठवलं,
स्टूल ओढून जवळ आला,
आवाज अगदी खाली आणून म्हणाला,
"दाजी, काळं म्हणजे किती काळं?"

मी उत्तर द्यायच्या आधी
त्याचा पट्टा बघितला.